खारट झालंय, असं कोणी म्हणालं नाही

ये गं रेश्मा, अशी जवळ ये. लांबून माझं बोलणं कोणाला समजत नाही आता. उजव्या गालाचा आतला भाग काढून टाकलाय, तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, त्यामुळे शब्द आतल्या आत घोळतात. म्हणून तर लिहायला बसले. कागदावर तरी माझे शब्द स्वच्छ बाहेर पडतात. सातवीपर्यंत शिकलेली बाई मी, काही चुकलंमाकलं तर सांभाळून घे.

पण आधी तुला रागवायचंय. परवा परळच्या हॉस्पिटलात आपण दोघी बाकावर शेजारी बसलो होतो. तुझ्या आईचा नंबर यायचा होता. तिचे रेडिएशनचे शेक चालू आहेत, तोंड आतून सोललंय, तरी बिचारीने अँटॉप हिलवरून निघताना तुझ्यासाठी उपमा करून डबा भरून आणला होता. तू एक चमचा खाल्लास आणि म्हणालीस, "मस्त झालाय, आई." आई आत गेली तशी अर्धी बाटली पाणी प्यायलीस आणि डब्याचं झाकण दाबून लावलंस. मी बघत होते. मला चव कळत नाही, पण खाणाऱ्याचं तोंड कळतं.

लबाड कुठली! असं करू नकोस गं बाय. तू प्रेमाने खोटं बोललीस, ते काय मला कळत नाही? माझ्या घरी पण सगळे प्रेमानेच खोटं बोलले. त्यात माझे मालक गेले.

तू मला विचारलंस, "मावशी, तुमचं कसं झालं सगळं?" तेवढ्यात माझा नंबर आला आणि तुझा फोन नंबर घेऊन मी आत गेले. सांगायचं राहिलं. आता सांगते. तू वाच, आईला वाचून दाखव, आणि बाकावरच्या आणखी कोणाला वाचायचं असेल तर त्यांनाही दे.

*

मी मिश्री लावायची. तुमच्या पिढीला माहीत नसेल. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, आणि बोटाने दाताला घासायची. आमच्या गावी बायकांना त्यात काही गैर वाटायचं नाही. तेरा वर्षांची होते तेव्हा दाढ दुखली, तर आईनेच लावायला दिली. पुढे लग्न होऊन लालबागला चाळीत आले, तर सासूबाईंचीही मिश्रीची डबी होती. मग काय, सकाळी एकदा, दुपारी भांडी घासून झाली की एकदा. ते झाल्याशिवाय डोकं चालायचं नाही.

गालाच्या आत पांढरा चट्टा आला. मग फोड. मला वाटलं दात लागतोय. तूप-हळद लावली, तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, सहा महिने काढले. कालवणाचा तिखट घास झोंबायला लागला तेव्हा माझी सून प्राजक्ता म्हणाली, "आई, उद्या मी सुट्टी टाकतेय. चला." मी म्हटलं, "अगो, दाताला काय सुट्टी टाकायची?" पण तिने ऐकलं नाही. ती दादरला एका ऑफिसात आहे, सुट्टी सहज मिळत नाही तिला. तरी घेऊन गेली.

तुकडा तपासायला पाठवला. आठवड्याने रिपोर्ट घ्यायला आम्ही चौघं गेलो. मी, आमचे हे, मुलगा संदेश आणि प्राजक्ता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्या माझ्याकडे बघेनात, संदेशशी इंग्रजीत बोलायला लागल्या. त्याचा चेहरा पडला. मी म्हटलं, "बाई, मला सांगा. तोंड माझं आहे." मग त्यांनी सांगितलं. नीट, मराठीत, माझा हात धरून.

बाहेर आलो. हे आमचे पुढे पुढे चालत होते. लालबागच्या मार्केटपाशी थांबले आणि सुरमई घेतली. कधी नव्हे ती घासाघीस न करता. कोळीण पण चमकली, म्हणाली, "काय भाऊ, आज बरं वाटत नाही काय?" घरी येऊन मी ती सुरमई केली. काय करणार? भूक सगळ्यांनाच लागली होती.

जेवण झाल्यावर ह्यांनी माझी मिश्रीची डबी कचऱ्यात टाकली आणि त्यावर स्वतःचं बिडीचं बंडल टाकलं. म्हणाले, "तू पण नाय, मी पण नाय." तीन दिवस पाळलं त्यांनी. चौथ्या दिवशी गॅलरीच्या टोकाला जाऊन ओढून आले. मला वास आला. तेव्हा वास यायचा मला.

*

आता ह्यांच्याबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं तुला कळणार नाही.

हे मूळ देवगडकडचे. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, गिरणी बंद झाल्यावर दादरच्या एका कापडाच्या दुकानात लागले आणि तिथूनच घरी बसले. बोलायला मालवणीच. स्वभाव म्हणशील तर ताटावर बसलेला माणूस म्हणजे परीक्षकच. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्या जेवणाला एकदाही चांगलं म्हटलं नाही. आमटी जरा फिकी झाली की, "गो, मीठ घातलंस की नुसता दाखवलंस?" जरा जास्त पडलं की, "ह्या कालवण हा की देवगडचो समुद्र?" पहिली काही वर्षं मी मोरीत जाऊन रडायची. मग मीही शिकले. "होय, समुद्रच आहे. पोहायला या," असं म्हणायची.

आणि चांगलं झालं की? की काही नाही. गप्प बसायचे. मान खाली घालून तिसऱ्यांदा भात मागितला, की मी समजायची, आज जमलंय. तेवढीच त्यांची पावती. शेजारच्या शोभाताई हसायच्या, "तुमच्याकडे आवाज नाही आला की आम्हाला कळतं, आज जेवण चांगलं झालंय."

*

ऑपरेशनबद्दल फार लिहीत नाही. झोपवलं, उठवलं, आरशात बघू दिलं नाही. वॉर्डात एक आया होती. रोज दुपारी माझ्या मानेला धक्का न लावता केस विंचरून वेणी घालायची. ड्यूटी नसली तरी येऊन घालायची. म्हणायची, "आजारी बाई चालेल, अवतार नाही चालणार." मी घरी जाताना तिने माझ्या वेणीला नवी रिबीन लावली. तिचं नाव विचारायचंसुद्धा सुचलं नाही मला.

मग शेक. सोमवार ते शुक्रवार रोज. तोंडावर तो जाळीचा मुखवटा दाबून बसवतात ना, पहिल्या दिवशी मला वाटलं आता गुदमरून जाते. दोन हप्त्यांनी तोंडात असं झालं की थुंकी गिळायची म्हटलं तरी डोळ्यांत पाणी. मग नाकातून नळी घातली.

नळीतून घालायचं काम ह्यांनी घेतलं. संदेश-प्राजक्ता कामावर, नात सई शाळेत. नर्सने शिकवलं तसं हे हात धुऊन, चष्मा लावून, माझ्यासमोर स्टुलावर बसायचे. नळीला पिचकारी लावून उंच धरायचे आणि नाचणीची पेज हळूहळू सोडायचे. आणि तोंडाने काय चालायचं सांगू? "आज काय हा गो? आज बांगड्याचा तिखला हा. काटे बघून खा!" मला हसू यायचं, हसलं की टाक्यांची जागा ओढायची, मी हाताने गप्प बसा म्हणायची. "बरा, भात वाढू?" असं म्हणून पाण्याची पिचकारी भरायचे.

रेश्मा, माझ्या आजारपणातलं सुख विचारशील तर ते हेच. दिवसातून पाच वेळा हा माणूस माझ्यासमोर बसायचा. लग्नानंतर इतका वेळ कधी समोरासमोर बसलो नव्हतो आम्ही.

*

नळी निघाली. मी मऊ भात, सूप, केळं कुस्करून खायला लागले. पण जीभ म्हणजे लाकडाची पट्टी. गोड, खारट, सगळं एकच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "येईल हळूहळू, थोडी कमी राहील." म्हटलं, येऊ दे तेव्हा येऊ दे. मला माझं स्वयंपाकघर पाहिजे होतं. आठ महिने चूल सुनेच्या हातात होती. ती चांगलं करते, तक्रार नाही. पण सकाळी उठून आपल्याला काही काम नाही, हे फार वाईट असतं गं.

पहिल्या दिवशी मी ओट्याशी उभी राहिले, तेव्हा प्राजक्ता हळूच म्हणाली, "आई, तुम्ही सगळं करा, मीठ तेवढं मी घालू का?"

मला राग आला. "का? हात गेलेत का माझे? इतकी वर्षं काय तुला विचारून मीठ घालत होते?"

तिने मिठाची बरणी माझ्याकडे सरकवली.

मी डाळ केली, बटाट्याची भाजी केली. जुन्या सवयीने तळहातावर थेंब घेऊन चाखला. अळणी लागला. आणखी चिमूट टाकली. पुन्हा चाखला. पुन्हा अळणी. आणखी टाकली. मला ठाऊक होतं ना, माझी जीभ गेलीय म्हणून? ठाऊक होतं. पण हाताला वाटायचं, मी बरोबर आहे. सवय फार वाईट.

सगळे जेवायला बसले. सईने पहिला घास तोंडात घातला आणि म्हणाली, "ई आजी, किती खारट!"

मी उठले आणि मोरीत जाऊन बसले. नळ सोडला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. पण तोंड शिवलेल्या बाईचं रडणं कसलं तरीच निघतं, ते ऐकू गेलंच बाहेर. मी म्हणत होते, आता माझा काय उपयोग, आता मला घेऊन जा. असं काहीतरी. बाहेर आले तर सगळी ताटं रिकामी. हे म्हणाले, "पोरग्याक काय कळता? बेस झाला हा. माका अजून वाढ."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा. बेस झाला हा. मी डोळे पुसून वाढलं.

*

त्या दिवसापासून माझ्या घरात जेवणाला कोणी नाव ठेवलं नाही.

रोज दुपारी मी ह्यांना वाढायची आणि समोर बसायची. माझं खाणं म्हणजे वाटीभर पेज, तीही अळणीच, मला काय फरक पडणार? तेव्हा माझं खरं जेवण म्हणजे ह्यांचं जेवण बघणं. मी विचारायची, "मीठ बरोबर आहे ना?" रोज विचारायची, खोटं नाही सांगत. आणि हे रोज म्हणायचे, "एकदम बरोबर." कधी म्हणायचे, "आज तर कमालच केलंस गो." बोटं चाटून दाखवायचे. मी शोभाताईंना सांगायची, बघा, आजारपणाने माझा नवरा सुधारला! त्या हसायच्या आणि दुसरंच काहीतरी बोलायच्या. त्यांच्याकडेही मी वाटी पाठवायची. वाटी धुऊन यायची, रिकामी कधी आली नाही, कधी चकली, कधी चार बोरं. आत दिलेल्याचं काय झालं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

मला कळायला पाहिजे होतं. ज्या माणसाने चाळीस वर्षं कौतुक केलं नाही, तो रोज कौतुक करतोय. चांगलं झालं की जो गप्प बसतो, तो गप्प बसेचना. तरी मी त्या कौतुकाला भुलले. तहानलेली होते गं मी. तुला अजून लग्नाचं माहीत नाही, तुला नाही कळायचं.

हे पाणी फार प्यायला लागले. तांब्या बारा वाजता भरला की दोनला रिकामा. मी म्हणायची, उकाडा आहे. त्यांच्या पायांना सूज यायची, चपलेच्या पट्ट्याची खूण उमटून राहायची. मी म्हणायची, मला रोज शेकाला चालत नेलंत-आणलंत, त्याने पाय थकले. संध्याकाळी खोबरेल लावून ह्याच हातांनी पाय चोळून द्यायची. ब्लड प्रेशर त्यांना आधीपासून होतं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली. विचारलंही म्हणे, "पथ्य पाळता ना?" हे म्हणाले, "बायको स्वतः करता जेवण."

*

एका दुपारी कोलंबीचं कालवण केलं होतं. हे भात कालवत होते. कालवता कालवता हात थांबला. घास उचलला तर बोटांतून भात ताटात पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं. मला वाटलं मस्करी करताहेत. माझ्या वाकड्या तोंडाची नक्कल करून मला हसवायचे अधूनमधून. मी हसले. देवा, मी हसले. म्हटलं, "अहो, नीट जेवा. पोर झालात काय?"

मग ते कुशीवर कलंडले.

शोभाताईंचा मुलगा आणि समोरचे दोघं-तिघं, त्यांना खुर्चीत बसवून तीन मजले खाली घेऊन गेले. मी मागून चपला घेऊन धावले. ह्यांच्या चपला. अनवाणी कसे जातील म्हणून.

सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, उजवी बाजू गेली, वाचा गेली, बघू किती परत येतं. दुसऱ्या दिवशी राउंडला एक मोठे डॉक्टर आले. कागद बघून त्यांनी विचारलं, "प्रेशर इतकं कसं वाढलं? मीठ बंद होतं ना ह्यांचं?"

मी पुढे झाले. माझं बोलणं त्यांना समजेना, म्हणून प्राजक्ताला म्हटलं, सांग त्यांना. सांग की मी स्वतः करते, मीठ अगदी बेताचं घालते.

प्राजक्ता काही बोलेना. मी म्हटलं, "सांग ना गं." ती खाली बघत राहिली. मग तिने तोंडाला ओढणी लावली आणि कॉरिडॉरमध्ये निघून गेली. मी संदेशकडे बघितलं. तो भिंतीकडे बघत होता. डॉक्टरही थांबले नाहीत, पुढच्या खाटेकडे गेले.

एवढं पुरे होतं मला.

*

नंतर एकेक कळलं. प्राजक्ता मी पाठ फिरवली की कालवणात कणकेचे गोळे टाकायची, बटाटा टाकायची, मीठ ओढून घ्यायला. नाहीतर अर्धं कालवण काढून पाणी घालायची. संदेश डबा न्यायचा आणि बाहेर खाऊन यायचा. सईला दहीभात. पण हे दुपारी एकटेच जेवायला, प्राजक्ता ऑफिसात, आणि मी समोर बसलेली. त्यांच्या ताटात पाणी कोण घालणार? मी मोरीत रडले त्याच संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना गॅलरीत बोलावून सांगितलं होतं, "तिका कोणी कायएक बोलूचा नाय. बोललात तर माझ्याशी गाठ हा." प्राजक्ताने दोनदा सांगून बघितलं, बाबा, तुमचं प्रेशर आहे. तर म्हणाले, "माका काय होणार नाय. तिचा एवढाच उरला हा."

डॉक्टरांना मी मागाहून पुन्हा विचारलं, कागदावर लिहून. त्यांनी समजावलं, "आजी, एका मिठाने असं होत नाही. वय आहे, बिडी आहे, वीस वर्षांचं प्रेशर आहे." तू पण मला हेच सांगशील. मी मान हलवते. सगळ्यांसमोर मान हलवते.

*

ह्यांना घरी आणलं ते नाकात नळी घेऊनच. आता स्टुलावर मी बसायची. तीच पिचकारी, तीच नाचणीची पेज. डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच मीठ, चमच्याने मोजून, वर सुरीने सपाट करून. नळीतून जाणाऱ्याला कसली चव? तरी मी दोन-दोनदा मोजायची.

मस्करी करायची फार इच्छा व्हायची. ह्यांच्यासारखं म्हणावं, आज काटे बघून खा हो. एकदा म्हटलंही. तोंडातून शब्द धड निघाले नाहीत, आणि त्यांना कळले की नाही तेही कळलं नाही. दोन मुकी माणसं समोरासमोर.

एकदा विचारलं. घरात कोणी नव्हतं. म्हटलं, "का नाही सांगितलंत? चाळीस वर्षं तर तोंड बंद झालं नाही तुमचं. तेव्हाच नेमकं गप्प बसायचं होतं?" डावा हात चालायचा त्यांचा थोडा. तो त्यांनी उचलला. बराच वेळ लागला उचलायला. माझ्या उजव्या गालावर टेकवला, टाक्यांच्या खुणेवर. मग हात खाली पडला. त्यांना काय सांगायचं होतं? की नुसती पेज उडाली होती माझ्या गालावर, ती पुसत होते? ते मला कधीच कळणार नाही.

दीड महिना राहिले. एका सकाळी मी पेज गाळत होते आणि सई आतून म्हणाली, "आजी, आजोबा बघ ना." मी पातेलं खाली ठेवून गेले. गेले होते.

*

कार्य सगळं प्राजक्ताने केलं. मी तिच्याशी बोलत नव्हते. तेरा दिवस आणि त्याच्या पुढेही बरेच दिवस. ती ताट आणून ठेवायची, मी तोंड फिरवायची. शोभाताई एकदा म्हणाल्या, "तिचा काय दोष? सासऱ्यांनी शपथ घातलेली." मी म्हटलं, "तुम्हीही वाट्या धुऊनच पाठवत होतात ना?" त्या उठून गेल्या. असं वाईट बोलले मी सगळ्यांना. संदेश घरी उशिराच यायला लागला. घरात चार माणसं होती, पण बोलायची एकटी सई.

मग एका रविवारी मीच ओट्याशी गेले. बसवत नव्हतं. साधी तुरीची डाळ केली. प्राजक्ता आली, पळीभर वाटीत घेतली, प्यायली. वाटी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं.

"आई, खारट आहे. खूप खारट आहे."

माझ्या अंगात असा संताप उसळला की मला वाटलं, ती वाटी फेकावी. आणि ती तिथेच खाली बसून रडायला लागली. "बाबा होते तेव्हा मी हे बोलायला पाहिजे होतं. तुम्ही मला मारलं असतंत तरी बोलायला पाहिजे होतं."

मी तिच्या शेजारी बसले. गुडघे वाकत नाहीत, तरी बसले. म्हटलं, "पहिल्या दिवशी तू विचारलं होतंस. मीच तुझ्या अंगावर गेले." ते म्हटल्यावर मला रडू आलं. मोरीत नाही, नळ सोडून नाही. तिच्यासमोर, ओट्याखाली बसून, सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं. सई दारात येऊन बघत उभी होती. प्राजक्ता तिला म्हणाली, "ये, तू पण बस."

रडून झाल्यावर आम्ही ती डाळ ओतून दिली आणि दुसरी लावली. मीठ तिने घातलं.

म्हणून तुला सांगते, रेश्मा. आई विचारेल, "कसं झालंय?" तेव्हा खरं सांग. हळू सांग, तिचा हात धरून सांग, पण सांग. रडेल ती. भांडी आपटेल, दोन दिवस बोलायची नाही. रडू दे. रडून बाई मरत नाही. मी तेव्हा मोरीत रडले, तेव्हा एक जण जरी आत येऊन म्हणाला असता, की होय, खारट झालंय, उद्यापासून आम्ही चाखून सांगू, तर मी रडून उठले असते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डाळ लावली असती. आजारी माणसाला जपायचं म्हणून त्याला आंधळं करू नका. आणि आईला माझा निरोप सांग. म्हणावं, कोणी आपल्याला खरं सांगितलं तर त्याच्यासमोर रडावं, दार लावून नाही. माझी चूक तिथेच झाली.

*

आता बरी आहे मी. दर चार महिन्यांनी तपासायला जाते, परवा भेटलो तेव्हा त्यासाठीच आले होते. गोड थोडं कळायला लागलंय. खारट अजून नाही. प्राजक्ताने मला एक चमचा ठरवून दिलाय, डाळीला इतकं, भाजीला इतकं. रात्रीचं जेवण ती चाखते आणि तोंडावर सांगते. परवा म्हणाली, "आई, आजचं अगदीच पाणचट." मी म्हटलं, "मग हात काय बांधलेत तुझे? घाल." शोभाताईंकडे मी स्वतः जाऊन आले. त्या पण आता वाटी परत करताना दोन शब्द सांगतात. कधी कधी चारही सांगतात.

पण दुपारी घरात कोणी नसतं. मी अकराला शिजवते, सवयीने. चमच्याने मोजून मीठ घालते. झाकण काढून बघते, वाफ येते, रंग बरा दिसतो. पण कसं झालंय ते सांगायला समोर कोणी नाही. मी काय शिजवलंय, ते मला एकटीला कळत नाही गं.

आईला घेऊन ये. शेक संपेपर्यंत थांबू नकोस. शेक घेऊन निघालात की परळवरून लालबाग कितीसं लांब आहे? तिच्यासाठी मऊ भात करीन, तुझ्यासाठी माशाचं काहीतरी. बाराच्या सुमाराला या, जेवायलाच या. पण लवकर या.